थांबणाऱ्याचं नाव

कुंदा सोनटक्के यांचे हात त्या वर्षी राज्यातल्या चारशे बारा प्रसूतिखोल्यांत एकाच वेळी काम करत होते, आणि घरी मात्र त्यांना चहाची बशी धरता येत नव्हती.

साल २०४३. लातूरच्या औसा रोडला दोन खोल्यांचं घर. सकाळी आठला कुंदाताई खिडकीपाशी खुर्चीत बसत. लेक विभा कप अर्धाच भरून त्यांच्यापुढे ठेवी, आणि कुंदाताई कपाकडे बराच वेळ नुसत्या बघत राहत. कंपवातानं आधी उजवा हात गेला, मग डावा. एकतीस वर्षं ग्रामीण रुग्णालयात बाळंतपणं केलेली बाई. ओली, निसटती बाळं ज्या हातांतून कधी सुटली नव्हती, ते हात आता ब्लाउजचं बटण लावायला लेकीची वाट बघत. कुंदाताईंना याचा भयंकर राग येई. तो त्या रेडिओवर काढत, शेजारच्या मांजरावर काढत, आणि दोन्ही हाताशी नसले की विभावर.

पण हात वाचले होते, आणि ते वाचवले होते विभानंच.

ती 'हस्तक' नावाच्या प्रकल्पात होती. त्यामागचा विचार साधा होता. मुरलेल्या माणसाच्या बोटांना जे कळतं ते त्या माणसाला तोंडानं सांगता येत नाही. कुंदाताईंना कितीदा विचारलं असेल, "सिस्टर, बाळाची मान नेमकी किती मागं न्यायची?" त्या म्हणत, "आता कसं सांगू बाई? पुरे झाली की कळतंय." तेव्हा सांगायला लावायचंच नाही. पातळ हातमोजे चढवायचे. त्यांच्या विणीत केसाएवढ्या तारा, दाब, ऊब, थरथर मोजणाऱ्या. बोटाला काय जाणवलं आणि त्यावर बोटानं काय केलं, दोन्ही नोंदून घ्यायचं. पुढं त्याच तारा उलट्या चालवल्या की दुसऱ्या कुणाच्याही बोटांना त्या इशारा देतात: इथं हलकं, आता दाब, आता सोड.

कंपवात नुकता डोकावू लागला होता तेव्हा चौदा महिने कुंदाताईंनी ते मोजे घातले. सहाशे अकरा बाळंतपणं झाली. त्यांतली अठ्ठावन्न बाळं जन्मल्यावर रडली नाहीत. एकोणपन्नासांना कुंदाताईंनी रडवलं. नऊ वेळा त्या थांबल्या.

शिकणाऱ्या यंत्रानं या सगळ्याचे बारीक तुकडे पाडले. अशा तुकड्याला प्रोग्रामर फंक्शन म्हणतात. ठरावीक माहिती आत द्यायची, ठरावीक उत्तर बाहेर येतं. असे सत्तरएक तुकडे विभानं पायथन या संगणकभाषेच्या एका मॉड्यूलमध्ये, म्हणजे गाठोड्यात, बांधले आणि त्याला आईचं नाव दिलं. ज्याला हवं त्यानं आपल्या प्रोग्रॅममध्ये 'कुंदा' आयात करावं. मॉड्यूलच्या तोंडाशी एक यादी होती, वापरणाऱ्यांसाठी नऊ फंक्शनं: घसा साफ कर, श्वास दे, छाती दाब, असली. बाकीची आतल्या आत एकमेकांना मदत करणारी, बाहेरच्याचा ज्यांच्याशी संबंध नाही अशी. त्यांच्या नावाआधी विभानं अंडरस्कोअर टाकला होता, म्हणजे एक आडवी रेघ. पायथनवाल्यांची ही जुनी रीत. रेघ असली की ते घरातलं. सगळं आयात करा म्हटलं तरी ती नावं येत नाहीत.

त्यांतलंच एक होतं _थांबायचं_का.

ते यंत्रानं आपणहून शोधून काढलं होतं. बाळाचा रंग, ठोके, छातीचा ताठपणा, अंगातला जोर आणि किती मिनिटं झाली, एवढं दिलं की ते एक आकडा सांगे. एकाजवळ म्हणजे अजून जीव आहे, चालू ठेव. शून्याकडे चालला म्हणजे कुंदाताई या क्षणाला थांबल्या असत्या. बाकीची फंक्शनं त्याच्यावर टेकलेली होती, कारण किती जोर लावायचा हे कुंदाताईंचे हात किती आशा उरली यावरूनच ठरवत. ते काढून टाकलं तर हात आंधळे झाले असते.

मॉड्यूल बाहेर पडायच्या आदल्या दिवशी कुंदाताईंनी विचारलं होतं, "विभा, ते थांबायचं पण दिलंस का गं त्यांना?"

"नाही आई. ते बंद केलंय. कुणाला दिसणार नाही."

"नको देऊ कुणाला. बाकीचं सगळं दे. ते माझं हाय."

"बंद केलंय म्हटलं ना," विभा म्हणाली, आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

दिसणार नाही हे खरं होतं. बंद केलंय हे खरं नव्हतं. अंडरस्कोअर म्हणजे दारावरचा पडदा, कडी नव्हे. ज्याला नाव माहीत आहे त्यानं सरळ नावानं हाक मारली तर फंक्शन निमूटपणे बाहेर येतं. त्या भाषेत कडी फारशी नाहीच, सगळा भरवसा वापरणाऱ्याच्या सभ्यतेवर. विभा हे दरवर्षी वर्गात शिकवायची. आईला मात्र तिनं तोंडाला आलं ते सांगितलं, कारण आईला काय कळणार, आणि दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. मग मार्च महिन्यातल्या एका सकाळी अकराच्या सुमाराला विभाच्या ऑफिसात फोन आला.

"ताई, मी रविता पावरा. नंदुरबार जिल्हा, कुंडलपाडा उपकेंद्र. नर्स आहे." बाईचा आवाज एकसुरी होता, पाठ केल्यासारखा. "सोनटक्के सिस्टरच्या मोज्यांबद्दल विचारायचं होतं. ते बिघडलेत का?"

"काय झालं?"

"काल एक बाळ झालं. रडलं नाही. मी मोजे घातले. हात चालू झाले, मी त्यांच्या मागे मागे केलं. मोजे सांगत होते, चालू ठेव. तेरा मिनिटांनी श्वास आला, ताई. स्वतःचा श्वास. पण कण्हत होतं, मोठ्या दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं. मी पाळणा मागवला होता, अगदी पहिल्या मिनिटालाच."

पाळणा म्हणजे बाळाला उबेत ठेवून नेणारं ड्रोन. ते चालवणाऱ्या संस्थेचं नाव होतं 'सत्वर', पण डोंगरातल्या सगळ्या नर्सबाया त्याला पाळणाच म्हणत.

"मग?"

"पाळणा आला नाही. स्क्रीनवर आलं, विनंती मागे ठेवली आहे. मी फोन केला तर तिकडचा माणूस म्हणाला, आमच्याकडे सोनटक्के सिस्टरचा निकाल 'नाही' असा आहे. ताई, इकडे माझ्या हातात सिस्टर सांगतात चालू ठेव. आणि तिकडे सिस्टरच सांगतात नको. मी कुणाचं ऐकायचं?"

"बाळ कसं आहे?"

"जीपनं नेलं. घाटात गेलं. मुलगी होती."

फोन ठेवल्यावर विभानं नोंदी उघडल्या. 'कुंदा'मधली कुठली फंक्शनं कुठून बोलावली जातात याचा हिशेब ठेवणारी फाइल होती, आणि ती तिनं दीड वर्ष उघडली नव्हती. सगळं सुरळीत चालू असलं की कोण बघतं? आता बघितलं. _थांबायचं_का बाहेरून बोलावलं जात होतं, सात महिन्यांत एकोणीस हजार वेळा. सगळ्या हाका 'सत्वर'कडून, आणि प्रत्येक हाकेत मिनिटांच्या जागी शून्य.

हाक मारणारी ओळ लिहिणाऱ्याचं नावही सापडलं. मन्मथ बिडवे. तिचाच विद्यार्थी. तिच्या हाताखाली शिकलेल्यांत सगळ्यांत हुशार.

'सत्वर'चं ऑफिस जुन्या एमआयडीसीत होतं. मन्मथ जिन्यापर्यंत सामोरा आला, वाकून नमस्कार केला, चहा सांगितला. विभानं चहाला हात लावला नाही.

"मन्मथ, नावाआधी रेघ होती. दिसली नाही का?"

"दिसली ना, मॅडम." त्यानं लपवाछपवी केली नाही. "पण तुम्हीच शिकवलंत की रेघ म्हणजे विनंती, कुलूप नाही. गरज असली तर जबाबदारीनं वापरा म्हणालात. मी मॉड्यूलमधली सगळी नावं काढून बघितली. हे एक असं निघालं की मला दोन दिवस झोप नाही."

"का?"

"कारण ते बरोबर सांगतं. जन्मल्यावर पहिल्या मिनिटाची माहिती दिली तर कुठलं बाळ जगणार नाही ते शंभरात त्र्याण्णव वेळा बरोबर. आमच्याकडे पाळणे चौदा आहेत, मॅडम. जिल्हे नऊ. रोज कुणाला तरी नाही म्हणावं लागतं. आधी जो पहिला फोन करी त्याला पाळणा मिळायचा. म्हणजे रस्त्याकडेची गावं जिंकायची. आता सात महिन्यांत आधीच्यापेक्षा दोनशे सहा बाळं जास्त वाचली. मी खोटं सांगत असेन तर आकडे तपासा." त्याचे डोळे भरून आले होते. "कुणाला तरी नाही म्हणायचंच आहे, तर तुमच्या आईइतकं बरोबर 'नाही' कुणाला म्हणता येतं?"

वाद जिंकायला आलेल्या माणसाला समोरच्याचं म्हणणं पटावं, याहून वाईट काही नाही.

"काल कुंडलपाड्याला एक मुलगी गेली," विभा म्हणाली. "तिला तुमच्याकडून 'नाही' आलं. तेरा मिनिटांनी तिनं श्वास घेतला होता."

मन्मथनं मान खाली घातली. "शंभरातली सात," तो हळूच म्हणाला.

"त्या सातांपैकी एकीच्या आईला कुणी सांगितलं? काय सांगितलं?"

"सिस्टिमकडून निरोप जातो, मॅडम. विनंती मागे ठेवली आहे असा."

"कुणाच्या नावानं?"

"मॉड्यूलच्या," तो म्हणाला. "सोनटक्के."

त्या दुपारी विभा घरी गेली ती आईला काही सांगायचं नाही असं ठरवून. पण कुंदाताईंनी एकतीस वर्षं बायकांचे चेहरे वाचले होते. दारातून आत येणाऱ्या लेकीकडे बघून त्यांनी रेडिओ बंद करायला लावला.

"बस. काय झालंय ते सांग. वरवरचं नको."

विभानं सगळं सांगितलं. रेघ म्हणजे काय, यादी म्हणजे काय, आणि तीन वर्षांपूर्वी बंद केलंय म्हणाली तेव्हा ते बंद नव्हतं, हेही सांगितलं. कुंदाताईंचे हात मांडीवर थरथरत होते. ते त्यांनी एकमेकांत अडकवून दाबून धरले.

"पोरगी होती म्हणालीस?"

"हो."

"आणि माझ्या नावानं नाही म्हणले."

"आई, माझी चूक आहे. मी—"

"ताट वाढू नको मला," कुंदाताई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

विभाला हे ताट माहीत होतं. लहानपणी महिन्या-दोन महिन्यांतून एखादा दिवस असा यायचा की आई ड्यूटीवरून घरी येई, हातपाय धुई, आणि जेवत नसे. विचारलं तर बोलत नसे. विभाला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलंय. मार्क कमी पडले, भांडी घासली नाहीत. कितीतरी संध्याकाळी तिनं त्या न वाढलेल्या ताटाची शिक्षा आपल्याला म्हणून भोगली. आई थांबली त्या दिवशी जेवत नाही, हे तिला मोज्यांच्या नोंदी तपासताना कळलं, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. नऊ थांबणी, आणि घरातले नऊ उपास. तारखा तंतोतंत जुळल्या. पण आईशी त्याबद्दल बोलायचं तिला आजवर धाडस झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाताईंनी स्वतःच हाक मारली.

"त्या नऊ वेळचं तुझ्याकडे काय काय हाय?"

"हातांच्या नोंदी. दाब, वेग, ऊब. शेवटच्या हालचालीपर्यंत."

"आणि मी बोलले ते?"

मोज्यांना कान नव्हते.

"मी काय बोलायची ते तुला ठावं हाय का? थांबले की मी बाळ पुसायची, गुंडाळायची, आईच्या कुशीत द्यायची. आणि तिच्या डोळ्यांत बघून म्हणायची, बाई, मी थांबले. बाळ गेलं असं कधी म्हणले नाही. देवानं नेलं असं पण नाही. मी थांबले म्हणायची. रजिस्टरात पण तसंच लिहायची, वेळ टाकून, सही करून. तो डॉक्टर जाधव चिडायचा. म्हणायचा सिस्टर, इथं मृत्यूची वेळ लिहायची असती, तुमचं चरित्र नको." त्यांच्या ओठांवर थोडं हसू येऊन गेलं. "मी म्हणायची, साहेब, कुणाचा तरी हात थांबला म्हणून ती वेळ झाली. त्या बाईला शिव्या घालायला एक माणूस पाहिजे. तिनं कुणाचं तोंड आठवावं मग? एका बाईनं तर मला चपलेनं मारलं. मारू दिलं मी."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस. तू हात मागितलेस, मी हात दिले." कुंदाताई सरळ बसल्या. "तुझी चूक ती रेघ नाही, विभा. रेघेनं काय होतंय? तू हात घेतलेस आणि तोंड हितंच ठेवलंस. माझं थांबायचं पंचवीस-तीस मिनिटांच्या शेवटी यायचं, घाम निथळून गेल्यावर, ती बाई समोर असताना. यांनी ते शेंड्यावरनं खुडून घेतलं. आता ते कुणाचंच नाही."

"मी कायमचं लपवते. कुलूप घालते. वेळ लागेल, पण—"

"कशाला लपवतीस? उलट उघड्यावर ठेव. पण जो कोणी थांबंल त्याचं नाव विचार आधी."

पुढचे अकरा दिवस विभानं तेवढं एकच काम केलं. तिनं _थांबायचं_का मोडलं; त्यातला आशेचा हिशेब हात चालवण्यापुरता बाकीच्या फंक्शनांत मिसळून टाकला. त्याच्या जागी नवं फंक्शन लिहिलं, नावाआधी रेघ नसलेलं, मॉड्यूलच्या तोंडाशी असलेल्या यादीत दहावं. त्याचं नाव मी_थांबले. त्याला उत्तर द्यायला दोन गोष्टी लागत. एक, मोज्यांची सलग नोंद, म्हणजे हातांनी खरोखर केलेल्या कामाची. ती नसेल तर आतला हिशेब सुरूच होत नाही. शून्याव्या मिनिटाला विचारलं तर ते काहीही सांगत नाही, कारण तेव्हा कुंदाताईंनाही काही माहीत नसे. आणि दोन, थांबणाऱ्या माणसाचं नाव. ते बाळाच्या आईला द्यायच्या कागदावर छापलं जाई: मी थांबले, किंवा मी थांबलो, पुढं नाव, पुढं वेळ.

हाही पडदाच आहे हे विभाला कळत होतं. कुणी खोटं नाव टाकील. कुणी ती ओळच खोडून आपली वेगळी प्रत बनवील, जुनी प्रत तशीच चालवील. पण असा बदल करणाऱ्याचं नाव त्या बदलापाशी कायमचं नोंदलं जातं, ही प्रोग्रामरांची दुसरी जुनी रीत. निदान तिथं तरी एक माणूस सापडेल.

नवी प्रत घेऊन ती मन्मथकडे गेली.

"मी तुला अडवायला आले नाही," ती म्हणाली. "चौदाच पाळणे आहेत हे तू म्हणालास ते खरं आहे. नाही म्हणावं लागेल हेही खरं. जुनी प्रत तुझ्याकडे आहे, ती मी काढून घेऊ शकत नाही. फक्त त्या निरोपात माझ्या आईचं नाव नको. तुझं घाल."

"माझं?"

"ठरवणारा तूच आहेस ना? आत्ता स्क्रीनवर एखादी विनंती असेल. नाही म्हण, आणि खाली लिही, मी थांबलो, मन्मथ बिडवे. फोन नंबरही दे."

स्क्रीनवर तीन विनंत्या होत्या. गावांची नावं, मिनिटं, ठोके. मन्मथनं की-बोर्डावर बोटं ठेवली. तिसऱ्या विनंतीपुढं जुन्या फंक्शनचा आकडा होता, शून्य पूर्णांक शून्य चार. त्यानं आपल्या नावाचं पहिलं अक्षर टाइप केलं. मग खोडलं.

"मॅडम, आधी मी एकदा तिकडे फोन करतो," तो म्हणाला. "नर्सला विचारतो काय चाललंय."

"विचार."

त्यानं फोन केला. चार मिनिटं बोलला. मग कुणाला तरी दुसऱ्या जिल्ह्याचा पाळणा वळवता येईल का म्हणून विचारलं, आणि मग तिसऱ्याला. विभा तोवर उठून बाहेर आली होती.

'सत्वर'नं महिन्याभरात ती पद्धत बदलली. आता दोन माणसं फोनवर बसतात आणि प्रत्येक नकाराखाली त्यांचं नाव असतं. वाचणाऱ्या बाळांचा आकडा थोडा खाली आला, नंतर बराचसा सावरला. पूर्वीइतका झाला का, याचं उत्तर मन्मथ टाळतो. विभाही खोदून विचारत नाही. आपण बरोबर केलं का, हा प्रश्न तिच्या मनात अजून ठाण मांडून आहे, आणि तो जाईल अशी तिला आशाही नाही.

नव्या फंक्शनला कोण कधी बोलावतं याची नोंदवही मात्र ती रोज उघडते. पहिले चाळीस दिवस ती कोरी होती. मोजे चालत होते, बाळं रडत होती. ज्यांच्या बाबतीत हात हरत तिथं नर्सबाया गावच्या डॉक्टरला बोलावून जुन्या रिवाजानं कागद करत. आपलं नाव टाकायला कुणी धजावत नव्हतं. तोवर मे महिना आला.

त्या दिवशी रविवार होता. विभा दुपारी एकला ताटं घ्यायला उठली आणि जाता जाता तिनं वही उघडली. एक ओळ आली होती.

तिनं ती आईला वाचून दाखवली. "मी थांबले. रविता पावरा, कुंडलपाडा. अकरा वाजून वीस मिनिटं. हातांचं काम चौतीस मिनिटं."

कुंदाताईंनी डोळे मिटले. चौतीस मिनिटं म्हणजे काय ते त्या खोलीत त्यांनाच माहीत होतं. खांदे कसे भरून येतात, गुडघे कसे जातात, खोलीतली माणसं एकेक करून कशी बोलायची बंद होतात.

"फोन लाव तिला."

"आई, तिला आत्ता—"

"लाव म्हणते ना."

बऱ्याच वेळानं फोन उचलला गेला. विभानं तो आईच्या हातात दिला. कुंदाताईंनी तो दोन्ही हातांनी धरला तरी कानाशी हलत होता. विभा खाली बसली आणि तिनं ते हात आपल्या हातांनी धरून ठेवले.

"मी कुंदा सोनटक्के बोलायले, लातूरहून."

तिकडून फक्त श्वास ऐकू आला.

"सिस्टर?"

"हां बाई. वाचलं मी. बोललीस का तिच्याशी?"

"बोलले, सिस्टर. मी थांबले म्हटलं. तिनं माझा हात धरून ठेवला. सोडतच नव्हती. तिचं नाव कमली आहे. मी तिच्याच गावची."

"बरं केलंस," कुंदाताई म्हणाल्या. "जेवलीस का?"

तिकडून हुंदका आला. "नाही. जात नाही, सिस्टर."

"मला पण जायचं नाही. एकतीस वर्षं असल्या दिवशी मी जेवले नाही. लेक माझी वाट बघून झोपायची. चुकलंच ते माझं." हे त्या विभाकडे बघून म्हणाल्या. "ऊठ आता. काय असंल ते घे, भाकर घे, दोन घास खा. मी फोन ठेवत नाही. हितंच हाय."

तिकडून पावलांचा आवाज आला, मग भांड्याचा.

"विभा," कुंदाताई म्हणाल्या, "माझंही वाढ."

विभानं फोन उशीला टेकवून ठेवला आणि ताट आणलं. आईचे हात आज फारच हलत होते. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, आणि आईच्या तोंडाशी नेला. तिकडे रविता जेवायला बसली होती. कुंदाताईंनी घास घेतला, सावकाश चावला, आणि फोनच्या दिशेनं विचारलं, "घेतलास का गं घास?"

"घेतला, सिस्टर."